पाणी कोणी घातलं

काल्यापाता, ६ ऑक्टोबर

नीवेस ताई,

बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलेली साखर मिळाली. त्याच्याचबरोबर परत पाठवते आहे. पिशवी फोडलेली नाही, तपासून घे. वर नमस्कार लिहायचा राहून गेला असं समजू नकोस, तो मुद्दाम लिहिलेला नाही.

मी बरी आहे. दूध आटलं. सासूबाईंनी छातीला फडकं घट्ट बांधून दिलं होतं, तरी बरेच दिवस ठणकत होतं. हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं आणि घरात कागद एकच आहे.

तुझ्याकडून निघाले तेव्हा बाळाला शालीत गुंडाळून पाठीलाच बांधलं होतं, जिवंत लेकराला बांधतात तसंच. बसमध्ये शेजारची बाई म्हणाली, गुणी आहे हो तुमचं, एवढ्या खड्ड्यांतही हूं नाही की चूं नाही. मी म्हटलं, हो, गुणीच आहे. गावापर्यंत ती मला तिच्या नातवंडांच्या खोड्या सांगत होती आणि मी ऐकत होते.

दारात सासूबाई उभ्या होत्या. निरोप आधीच पोचला होता. रडण्याआधी त्यांनी विचारलं, "पाणी मिळालं ना त्याला?" बाप्तिस्म्याचं पाणी मिळालं का, आपल्याकडे तान्हं मूल गेलं की पहिला प्रश्न हाच असतो, तू शहरात कितीही वर्षं काढलीस, चर्च बदललंस, तरी विसरली नसशील. मी हो म्हणून मान हलवली. मग त्या रडल्या. सेवेरोने आपल्या लेकासाठी दफनभूमीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात खड्डा खणला, जिथे पाणी मिळालेली बाळं झोपतात. आता तो तिथे आहे. तिथे त्याचा हक्क नाही, हे गावात फक्त मला माहीत आहे आणि गावाबाहेर तुला.

मी बाळंत झाले त्या दिवशी रस्ते अडवलेले होते, दवाखाना गाठता आला नाही, याचा दोष मी तुला देत नाही. दाजी गाडी शोधायला वणवण फिरले, त्यांनाही देत नाही. पण खोलीत आपण दोघी होतो आणि तो होता. त्याचे ओठ निळे पडायला लागले तेव्हा मी म्हणाले, ताई, पाणी घाल, नाव ठेव. पाद्री नसेल तेव्हा कोणीही घालू शकतं. आईने शेजारच्या मुलीवर घातलं तेव्हा वाटी तूच धरली होतीस. किटली तुझ्या हाताशी होती. तू म्हणालीस, "देवाला किटलीतलं पाणी लागत नाही, बासी. या एवढ्याशा जिवाने कुठलं पाप केलंय?" आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत बसलीस. मला उठता येत नव्हतं. मी पुन्हा म्हणाले, आणि पुन्हा म्हणाले. तू डोळे मिटले होतेस. मी मिटले नव्हते. तो गेला तोवरचं सगळं मी पाहिलं आहे.

तुझा देव तुला लखलाभ.

बासिलिया


काल्यापाता, ४ नोव्हेंबर

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. 'तो देवाजवळ आहे' हे तू असं लिहिलंस, जणू तिथून त्याचं पत्र आलंय. माझ्याकडे आलेलं नाही.

सर्व संतांचा सण झाला. तुमच्याकडे हे सगळं पाखंड, तरी सांगते. मी पांढरं कापड अंथरून टेबल मांडलं, उसाचे दांडे बांधले, जीव वर चढायला पावाची शिडी केली. पावाचं बाळही केलं. त्याला चेहरा लावायला बाजारात रंगवलेले मुखवटे मिळतात, त्यातला हसरा घेणार नव्हते, पण सगळेच हसरे होते.

प्रार्थना म्हणणारी माणसं घरोघर फिरत आली. दारात विचारतात, कोणासाठी म्हणायचं? मी म्हटलं, मातेओसाठी. संत मातेओच्या दिवशी जन्मला, कॅलेंडरात तेच नाव होतं. त्यांनी ते नाव घेऊन अगदी मनापासून म्हटलं. पण पाण्याशिवाय नाव चिकटत नाही, हे मला ठाऊक होतं. आपल्या घरी बसून कोणीतरी परक्याच्या मुलासाठी प्रार्थना करतंय असं वाटत राहिलं. प्रार्थनेच्या बदल्यात पाव द्यायचा असतो. पावाचं बाळ एका म्हातारीला दिलं, तिने ते नातीला दिलं, आणि पोरीने अंगणातच पायांपासून खायला सुरुवात केली. मी भांडी घासायला आत गेले.

मला स्वतःला काही म्हणता येत नाही. 'आमच्या पित्या'पासून नीट सुरू करते आणि 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' इथे आले की जीभ अडते. त्याची इच्छा झालीच आहे की. आणखी काय होवो?

एक बातमी. या वर्षी गावाच्या शेतांची राखण सेवेरोकडे आली आहे. लोकांनी हात वर करून त्याला निवडलं. खांद्यावर चाबूक, गळ्यात शिंग घालून फिरतो. कार्निव्हलपर्यंत गारांचा ढग दिसला की डोंगरावर धूर करायचा, शिंग फुंकायचं, फटाके उडवायचे आणि ढग दुसरीकडे वळवायचा. सासूबाई खूश आहेत, म्हणतात दुःखातून उठायला माणसाला काम लागतं. राखणदाराला अट एकच असते, त्याच्या घरात काही लपवलेलं नसावं.

पाण्याशिवाय पुरलेलं बाळ गारांना हाक मारतं असं इथे मानतात, ते तुला माहीत आहे. म्हणून तुला लिहिलं. दुसऱ्या कोणाला लिहिणार?

बासिलिया


काल्यापाता, १९ जानेवारी

ताई,

गारा पडल्या.

बटाट्याला फूल आलं होतं, बाकल्याच्या शेंगा भरत होत्या. दुपारी डोंगरामागून ढग आला, खालून पांढरा. सेवेरो वर पळाला. शिंगाचा आवाज ऐकू येत होता, मग आला नाही. खालचा सगळा उतार झोपला. वरच्या शेतांत थोडं उभं आहे, पण तिथे आमचं काही नाही.

सासूबाईंनी अंगणात मीठ टाकलं आणि मला आत ओढत होत्या. मी गेले नाही. हे कोणाला सांगू नकोस, दाजींनाही. मी शाल पसरून उभी राहिले. मला वाटलं, तोच आहे. त्याला थंडी वाजते, त्याला आत यायचंय आणि दार माहीत नाही. गारा डोक्यात बसत होत्या आणि मी शालीत गोळा करत होते. आत नेऊन चुलीजवळ ठेवल्या. मग त्यांचं काय झालं हे तुला कळेलच. मी ओली शाल मांडीवर घेऊन बसले. सासूबाईंनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी राखणदार घरोघर विचारत फिरला, तशी पद्धतच आहे. कोणाच्या घरात गर्भ पडलाय का, कोणी गुपचूप पुरलंय का. सगळ्या बायकांची तोंडं बघत सेवेरो फिरला आणि शेवटी आपल्याच दारात आला. टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, "विचारायचं म्हणून विचारतो, बासी. आपल्या घरात पाण्याशिवाय कोणी गेलेलं नाही ना?"

मी म्हटलं, नाही.

मग तो बसला आणि सूप प्यायला. दमला होता. सूपमध्ये मीठ नव्हतं, तरी त्याने वाडगा रिकामा केला. लग्न झाल्यापासून या माणसाशी मी खोटं बोलले नव्हते. बोलायची वेळच आली नव्हती.

काल विहिरीवर सासूबाईंनी सहज विचारलं, पाणी कोणी घातलं होतं गं? चोराच्या मनात चांदणं. मी घाईघाईने म्हटलं, नीवेस ताईने. त्यांच्या हातातली बादली थांबली. म्हणाल्या, "तिच्या लोकांत तर तान्ह्यांवर पाणी घालतच नाहीत." आजूबाजूला चार बायका होत्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

आज ताता आनिसेतो आले होते. या वर्षीचे गावप्रमुख तेच आहेत, त्यांच्याकडून तुला लहानपणी उसाच्या कांड्या मिळायच्या. ओरडले नाहीत. मक्याचे दाणे खात बसले आणि म्हणाले, पोरी, तुझ्यावर आमचा राग नाही, पण खोलीत जी होती तिने येऊन सांगितलं पाहिजे. मेणबत्तीच्या सणाला शेतांना आशीर्वाद द्यायचा, त्याआधी. नाही तर बाळाला उकरून काढावं लागेल, पाणी घालावं लागेल आणि गाव ओलांडून वरच्या बर्फाकडे ठेवावं लागेल. सेवेरो त्यांच्या शेजारी उभा होता. चाबूक त्याने खाली ठेवला होता.

मला माफी मागायला सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसवलं तरी चालेल, चाबूक मारले तरी चालेल. पण त्याला काढतील, ताई. चार महिने झालेत. मी त्याला टोपी घालून, गाल पुसून ठेवलं आहे. त्याला तसं कोणी पाहायला नको. मीही नको.

बासिलिया


काल्यापाता, २३ जानेवारी

ताई,

एक तारखेच्या सकाळी शाळेच्या अंगणात सगळे जमतील. तू ये.

तुझे लोक खोटं बोलत नाहीत हे इथे सगळ्यांना माहीत आहे. बाजारात लोक तुमचा तराजूसुद्धा तपासत नाहीत. ताता म्हणाले, ती जे सांगेल ते आम्ही मानू. म्हणजे मी बुडालेच.

मी तुला काही सांगायला सांगत नाही. तू पाहिलंस ते सांग. नाही आलीस तरी समजेन. पण ये.

बासी


काल्यापाता, ४ फेब्रुवारी

ताई,

तू ट्रकमधून गेलीस आणि मी रस्त्यावर दगडासारखी उभी होते. जे बोलायचं होतं ते आता लिहिते.

तू उतरलीस तेव्हा मी तुला ओळखलंच नाही. केस कधी पिकले तुझे? तो करडा स्वेटर, काखेत ते पुस्तक. बायका कुजबुजल्या, पाहा आली भक्तीण. कोणी कोकाची पानं पुढे केली तेव्हा तू मान हलवलीस, आणि मला वाटलं, झालं, हिने पानसुद्धा घेतलं नाही, ही आपल्यासाठी काय करणार. हे तुला कळावं म्हणून लिहिते. तू तोंड उघडेपर्यंत मी तुझा रागच करत होते.

तातांनी क्रूस पुढे केला. तू म्हणालीस, मूर्तीवर हात ठेवणार नाही, माझ्या पुस्तकावर ठेवते. लोकांना ते पटलं. त्यांना वाटलं, एवढी हट्टी बाई खरंच बोलणार. मलाही तेच वाटलं. मी सेवेरोकडे पाहत होते. त्याने फावडं आणलं होतं. कोणी दुसऱ्याने खणू नये म्हणून स्वतःच आणलं होतं.

"पाणी कोणी घातलं?" तातांनी विचारलं.

"मी."

"कशातून?"

"वाटीतून. किटलीतलं उकळून निवलेलं होतं."

"शब्द कोणते?"

तू शब्द म्हणालीस. पित्याच्या, पुत्राच्या, सगळे ओळीने, न अडखळता, जसे आईने म्हटले होते. कित्येक वर्षांत ते तुझ्या तोंडून कोणी ऐकले नसतील. मग त्यांनी नाव विचारलं आणि तू म्हणालीस, मातेओ. हात पुस्तकावरून हलला नाही. मी त्या खोलीत होते, ताई. त्या हाताने त्या दिवशी काय केलं आणि काय केलं नाही, ते मी पाहिलं आहे. पण तू इतकी सरळ उभी होतीस की क्षणभर मलाही आठवायला लागलं, त्याच्या कपाळावरून पाणी ओघळलं होतं आणि मी ते टिपलं होतं.

सेवेरोने फावडं भिंतीला टेकवलं आणि तो भिंतीकडे तोंड करून रडला. पुरताना रडला नव्हता.

सासूबाईंनी तर तुला मिठीच मारली. पाणी घालणारी ती बाळाची धर्माची आई, म्हणजे आता तू आमच्या घरचीच, जेवल्याशिवाय जायचं नाही, वगैरे. तुझा चेहरा पाहून मला हसू यायला हवं होतं. तू पांढरीफटक पडली होतीस. एक घास घेतला नाहीस. त्यांना वाटलं, आमच्या हातचं चालत नाही. वाटू दे.

ट्रकपाशी मी एवढंच म्हणू शकले, "ताई, तू खोटं बोललीस."

"हो," तू म्हणालीस.

"का?"

"त्या दिवशी तू तीनदा हाक मारलीस, मी ऐकलं नाही. आज ऐकलं."

एवढं बोलून तू फळीवर चढलीस, स्वेटर सावरलास आणि तोंड फिरवून बसलीस. आपल्या आईचीच लेक.

आता माझं ऐक. काल सकाळी मी पूर्वेच्या कोपऱ्यात गेले. निघताना बाटलीत पाणी भरून घेतलं होतं. माझी मीच घालणार होते, आता कोण अडवणार? टोपण उघडलं आणि तशीच बसून राहिले. मनात आलं, मी कोणाला काय देते आहे? माझी बहीण, जी देवाच्या भीतीने चहात दारूचा थेंब पडू देत नाही, तिने त्याच देवासमोर, त्याच्याच पुस्तकावर हात ठेवून स्वतःला या मुलासाठी बुडवलं. ते पाणी नव्हे तर काय? देवाला ते दिसलं नसेल तर त्याला काहीच दिसत नाही. आणि दिसलं असेल तर त्याने मातेओला अंधारात कसं ठेवलं असेल?

 आकाशातून काही आवाज झाला नाही. पण मी 'आमच्या पित्या' सुरू केलं आणि शेवटपर्यंत म्हटलं. मधे थांबले, रडले, पुन्हा म्हटलं. मला अजून दुःख आहे. सकाळी उठल्यावर आधी तेच उठतं. पण तो थंडीत आहे असं आता वाटत नाही. बाटलीतलं पाणी मी पिऊन टाकलं, तहान लागली होती.

काल दुपारी पलीकडच्या उतारावर पुन्हा गारा पडल्या. आमच्या दारात कोणी आलं नाही. मी दारात उभी राहून पाहिल्या. गाराच होत्या.

बासी


काल्यापाता, १२ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार.

सेवेरो शहरात गेला होता, गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचा चुन्यो विकायला. बाजारात तुमच्या चर्चमधली एक बाई त्याला भेटली आणि तिने न विचारता सांगितलं, नीवेस बहिणीने सगळ्यांसमोर उभं राहून कबूल केलं की तिने पुस्तकावर हात ठेवून खोटी साक्ष दिली. कशाबद्दल, कोणासाठी, ते काही केल्या सांगत नाही. तिला गाण्यातून काढलंय, प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षरसाला बसू देत नाहीत, वर्षभर मागच्या बाकावर एकटीने बसायचं, कोणी शेजारी बसत नाही. दाजीही पुढे पुरुषांत बसतात.

सेवेरोने घरी येऊन हे मला सांगितलं. चाबूक आणि शिंग त्याने कार्निव्हललाच परत दिलं आहे, आता तो कोणाचा राखणदार नाही. तरी मी शिवण खाली ठेवलं. त्याला सगळं समजलं होतं, ताई. तो काही बुद्दू नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर हात वर करून थांबवलं. म्हणाला, "नीवेस ताईंसाठी चांगला चुन्यो निवडून बांध. काळा नको, पांढरा." मग आम्ही दोघांनी मिळून मातेओसाठी 'आमच्या पित्या' म्हटलं. पहिल्यांदाच एकत्र म्हटलं. त्याचा आवाज फाटका आहे, तुला माहीत आहे.

मी तुझ्या लोकांना खरं सांगितलं तर गावात कळेल, आणि मग त्याला काढतील. तुला ते माहीत आहे, म्हणून तर तू गप्प आहेस. माझ्याकडून एवढंही तुझ्यासाठी करता येत नाही. सांगता येत नाही. बसता मात्र येतं.

रविवारी पहाटेच्या बसने येते आहे. तुमची गाणी मला येत नाहीत आणि मी ती म्हणणारही नाही. पान चघळणार नाही, वचन देते. पाद्रीने विचारलं, ही कोण, तर मी सांगेन, हिची बहीण, हिचा जो काही गुन्हा असेल त्यात अर्धा वाटा माझा आहे. बाकी एक शब्द नाही.

मागच्या बाकावर थोडी सरकून बस.

तुझी,
बासी